वळूची पिकअप

रायर कुठेही उतरले तरी गाडी बंद करत नसत. कुंभकोणमच्या बाजारात केळीची पानं घ्यायला थांबले तरी पिकअप रस्त्याच्या कडेला धडधडत उभी, हौद्यात वळू उभा, आणि रायर एका हाताने पानं उलटीपालटी करतायत, कान मात्र गाडीकडे. पानवाल्या बाईने गुंडाळायला जरा वेळ लावला की ते अर्ध्यातच पानं उचलून पळत सुटत. का, तर इंजिनाचा आवाज त्यांना किंचित बदलल्यासारखा वाटलेला असायचा.

तिकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांना गाव 'रायर' म्हणतं. हे आमचे घरमालक. नवऱ्याची बदली कुंभकोणमला झाली तेव्हा आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो. मी जनावरांची डॉक्टर, एका खासगी डेअरीच्या नोकरीत. पहिल्याच दिवशी सामान वर नेत असताना जिन्याखालून एका उंच, काटकुळ्या माणसाने मला विचारलं, "तुम्हीं कोठलीं?"

मी म्हटलं, "कराडकडची." आणि मला हसू आवरेना. तीनशे वर्षांपूर्वीचा कुणी कारकून लुंगीसारखी वेष्टी नेसून समोर उभा राहिल्यासारखं वाटलं. त्यांना माझं हसू कळलं. ते म्हणाले, "हसा, हसा. तुम्हीं मराठी फार वापरलांत, झिजून गेली. अम्हीं घरांतच ठेवलों, म्हणून तशीच अहे." आणि उत्तराची वाट न पाहता गाडीकडे निघून गेले. गाडी अर्थातच चालू होती.

त्यांची थोडी जमीन तिरुविडैमरुदूरच्या बाहेर, कावेरीकडच्या बाजूला होती. तिथे त्यांनी उंबळच्चेरी जातीची गुरं पाळली होती. बुटकी, राखाडी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली ही त्या मुलखाची स्वतःची गाय. ती नाहीशी होत चालली आहे ही रायरांची रुखरुख होती, आणि त्यावर उपाय म्हणून ते आपला वळू पिकअपमध्ये घालून गावोगाव हिंडत. कुणाची गाय माजावर आल्याचा फोन आला की हे निघालेच. तिरुप्पनंदाळच्या पुढे, कोळ्ळिडम नदीच्या काठापर्यंत. लोक नारळ द्यायचे, केळीचा घड द्यायचे, कुणी नुसतं पाणी द्यायचं. ते पाणीही रायर उभ्यानेच प्यायचे.

माझं काम नेमकं उलट. मी नायट्रोजनच्या कॅनमधून कृत्रिम रेतनाच्या कांड्या घेऊन फिरायची. रायर त्या कॅनला 'थर्मास' म्हणत. "तुमच्या थर्मासांतला वळू शहाणा अहे," ते म्हणायचे. "लात मारत नाहीं, डिझेल मागत नाहीं." पण एखादी गाय माझ्या कांडीने गाभण राहिली नाही की संध्याकाळी जिन्यात गाठून हळूच विचारायचे, "मग? उद्यां मी आणूं का माझा?"

त्यांना बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. पेपर ओसरीवर येरझाऱ्या घालत वाचायचे. जेवायला स्वयंपाकघराच्या दारात उभे, ताट हातात. मामी, म्हणजे त्यांची बायको, सांगायची की लग्नात अंतरपाटाखालून ते वाकून बघायला लागले तेव्हा सगळ्यांना वाटलं, नवरा मुलगा उतावळा आहे. "मज बघत नव्हते ग," मामी म्हणायची. "मांडवाबाहेर कोणाचा ट्रॅक्टर बंद पडला तें बघत होते."

मामी दर एकादशीला गोविंदपुरमला विठ्ठलाच्या भजनाला जायची. रायर तिला सोडायचे, आणायचे, पण आत कधी बसायचे नाहीत. बाहेर गाडीत, एक पाय दाराबाहेर, इंजिन चालू. बोटांनी स्टिअरिंगवर झांजेचा ठेका धरलेला असायचा. एकदा देवळातल्या कुणीतरी येऊन धुराबद्दल हात जोडले, तर त्यांनी गाडी थोडी पुढे नेली. बंद केली नाही. मामीचं मागणं एवढंच होतं, की एकदा तरी यांनी आत येऊन सगळं भजन संपेपर्यंत शेजारी बसावं. तिने मला हे कपडे वाळत घालताना सांगितलं होतं, अगदी सहज.

त्या जुन्या पिकअपची बाजूही मांडायला हवी. तिला बंद करायला भीती वाटावी अशीच ती होती. डिझेलच्या नळीत हवा शिरायची. मग बॉनेट उघडून छोट्या हातपंपाने ती हवा काढत बसायचं, आणि तोवर सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. भर उन्हात गावाबाहेर, मागे अस्वस्थ वळू, आणि गाडी मुकी. 

एकदा मी त्यांच्याबरोबर होते. तिरुविडैमरुदूरकडे जाताना एका अरुंद कालव्याच्या पुलावर, बरोबर मध्यावर, गाडीने जीव सोडला. दोन्हीकडून बस आल्या. कंडक्टर उतरून ओरडायला लागले, मागे मोटारसायकलींची रांग. मी बॉनेट धरून उभी. रायरांनी हातपंप थोडा वेळ दाबून पाहिला, मग अचानक मागे गेले, फाळका पाडला, लांब फळी लावली आणि वळूला खाली उतरवलं. सगळी बस खिडक्यांतून बाहेर आली. रायरांनी त्याच्या मानेवर जू ठेवलं. जू ते नेहमी बरोबर बाळगत. जुवाचा दोर गाडीच्या पुढच्या हुकाला बांधला आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. वळूने मान खाली घातली आणि पिकअप पुलावरून ओढून नेली. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. रायर घामाने निथळत मला म्हणाले, "कोणीं कोणाला न्यायचें तें ठरलेलें नसतें, डॉक्टरम्मा."

शेवटी त्या गाडीचं इंजिन कायमचं बसलं. रायरांनी नवी कोरी पिकअप घेतली आणि त्यांच्या आयुष्यात खरी अशांतता आली.

नवी गाडी शांत होती, एका किल्लीत सुरू व्हायची, हवा धरायची नाही. पण तिच्या सायलेन्सरमध्ये एक फिल्टर होता. धुरातली काजळी तो धरून ठेवायचा, आणि साठली की जाळून टाकायचा. त्यासाठी गाडी मोठ्या रस्त्यावर चांगल्या वेगाने बराच वेळ पळायला हवी. रायर तर गल्लीबोळातून वळूला धक्का बसू नये म्हणून गोगलगायीसारखे जायचे, आणि थांबले की इंजिन तसंच चालू ठेवायचे. काजळी साठायची, समोर नारिंगी दिवा लागायचा. त्याकडे दुर्लक्ष केलं की गाडी आपली ताकद काढून घ्यायची आणि सायकलच्या वेगाने चालायची.

शोरूमवाल्याने त्यांना समजावलं तेव्हा मी तिथे होते, कारण मामीने मला मुद्दाम पाठवलं होतं, हे भांडतील म्हणून. तो माणूस नम्रपणे म्हणाला, "सर, तुम्ही ती बंद करत नाही, म्हणून ती बंद पडते."

रायर त्याच्याकडे बघत राहिले. "परत सांगा," ते तमिळमध्ये म्हणाले.

त्याने परत सांगितलं. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवू नका. दिवा लागला तर मोठ्या रस्त्यावर पळवा, आणि काजळी जळत असताना मध्येच थांबू नका. फारच अडलं तर उभी करून हे बटण दाबा, अर्धा तास इंजिन जोरात चालेल आणि जाळून टाकेल. पण तेव्हा सायलेन्सर भयंकर तापतो, खाली वाळलेलं गवत असेल तिथे उभी करू नका.

 घराशी आल्यावर त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं आणि ते आवाज गेलेल्या गाडीत तसेच बसून राहिले. मग पुन्हा सुरू केली. सुरू झाली. पुन्हा बंद केली. मामी दारातून बघत होती. "काय चाललें अहे?" तिने विचारलं. "शिकतों," ते म्हणाले.

पण ते जमलं नाही. चार ठिकाणी आठवणीने बंद करायचे, पाचव्या ठिकाणी हात किल्लीपर्यंत जायचाच नाही. मग दिवा. मग वळूला गोठ्यात ठेवून रिकामी गाडी तंजावरच्या बायपासवर पळवायची. गावात लोक विचारायचे, रायर सकाळी सकाळी कुठे निघाले? "काजळी जाळायला," असं उत्तर. काही जणांना ते एखादं व्रत वाटायचं.

आता त्या दिवसाचं सांगते. थंडी सरत आली होती, भाताची कापणी जोरात होती. एकादशी होती आणि मला सुट्टी, म्हणून मामीबरोबर मीही बसने गोविंदपुरमला गेले होते. भजन सुरू व्हायच्या आधी मामीने रायरांना फोन लावला. काय बोलणं झालं ते मला गोंगाटात ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळाने पिकअप देवळापाशी आली, आणि मी कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. रायरांनी इंजिन बंद केलं, चपला काढल्या आणि आत येऊन मामीच्या शेजारी मांडी घालून बसले.

पूर्ण भजन बसले. गुडघा हलत होता, बोटं मांडीवर वाजत होती, दोनदा मान वळवून त्यांनी बाहेर पाहिलं. पण उठले नाहीत. मामीने एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. ती समोर विठोबाकडे बघून गात होती आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा वर लागला होता.

आरती होते न होते तोच रायरांचा फोन वाजला. तिरुप्पनंदाळच्या पुढच्या एका खेड्यातल्या सेल्वीचा. ती शेतमजुरी करायची आणि तिच्याकडे ही एकच गाय, रायरांच्या वळूपासून गाभण. गाय सकाळपासून अडली होती. रायरांनी फोन माझ्या हातात दिला आणि मी बोलत असतानाच गाडीकडे धावले. मामीला बसने घरी जायला सांगून मीही त्यांच्यामागे गेले.

सेल्वीच्या दारात पोचलो तेव्हा गाय आडवी पडून दात खात होती. मी हात घालून पाहिलं. गर्भाशयाला पीळ बसला होता. वासरू जिवंत होतं. माझ्या बोटाला त्याने पाय ओढून घेतल्याचं जाणवलं. हाताने पीळ सोडवायचा प्रयत्न केला, सुटेना. दुसरा उपाय म्हणजे गायीच्या कुशीवर फळी ठेवून, फळीवर माणूस उभा करून गायीला पिळाच्याच दिशेने हळूहळू लोळवायचं, म्हणजे आतली पिशवी जागेवर राहते आणि गाय तिच्याभोवती फिरते. पण तो मी फक्त शिकताना पाहिला होता. शिवाय अंगण एवढंसं, माणसं सगळी कापणीला गेलेली. मी म्हटलं, तंजावरच्या बाजूच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ, तिथे पोट फाडून वासरू काढतील. शेजारच्या म्हाताऱ्यांना गोळा करून कसंबसं गायीला फळीवरून हौद्यात चढवलं. सेल्वी गायीचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली.

गाव सोडून थोडं पुढे आलो आणि नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. मग गाडीने ताकद सोडली. रायर ॲक्सिलरेटर दाबत होते आणि आम्हाला सायकली मागे टाकून जात होत्या.

"काजळी जाळली नव्हती का?" मी विचारलं.

"आज सकाळीं जाळत होतों," ते समोर बघत म्हणाले. "बायपासवर. अर्ध्यांत वळवून आलों." थोड्या वेळाने म्हणाले, "मामीला सांगूं नका."

पुढे गाडी चालेचना. रस्त्यावर दुतर्फा पेंढा वाळत घातलेला, मधून एकच वाहन जाईल एवढी वाट. मागून ट्रॅक्टर हॉर्न देत होता. रायरांनी त्याला वाट द्यायला गाडी कडेला घेतली आणि शोरूमवाल्याने दाखवलेलं ते बटण दाबलं. इंजिन घोंघावायला लागलं. अर्धा तास. रायर उतरले, गाडीभोवती फिरले, पुन्हा आत डोकावले, पुन्हा फिरले. गायीने मागे एक असा आवाज काढला की सेल्वी रडायला लागली.

"डॉक्टरम्मा, अर्धा तास अहे तिच्याकडे?"

"नाही," मी म्हटलं. "इथेच करू."

शेजारच्या कापलेल्या शेतात मजूर होते. सेल्वीच्या हाका ऐकून ते आले. गायीला उतरवून शेतात नेलं, उजव्या कुशीवर आडवी केली, पुढचे पाय एका दोरीने, मागचे दुसऱ्या दोरीने बांधले. वळू चढायची लांब फळी तिच्या पोटावर तिरपी ठेवली, एक टोक जमिनीला. आता फळीवर कुणीतरी उभं राहायला हवं होतं, आणि गाय फिरेपर्यंत तिथेच तोल धरून, पाय न हलवता. मजूर सगळे दोऱ्यांना लागले होते.

रायर चढले. मी त्यांना म्हटलं, "मामा, हलायचं नाही. तुम्ही हललात तर पीळ वाढेल."

"सरि. हलत नाहीं," ते म्हणाले.

मी गायीच्या मागे गुडघ्यावर बसले, गाडीकडे पाठ करून. एक हात आत. मजुरांना सांगितलं, हळू, एकसारखं ओढा. गाय कुशीवरून पाठीवर यायला लागली. फळी थरथरली. मला जळका वास आला. शेतात कुणीतरी धसकटं पेटवत असेल असं वाटलं. मजुरांपैकी एकाने दोरी धरल्या धरल्या तोंड उघडलं, आणि रायर वरून तमिळमध्ये खेकसले, "दोरी सोडायची नाही कुणी! ओढा!"

मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, "डॉक्टरम्मा, तुम्हीं मागें बघूं नका. तुमचें काम करा."

मी बघितलं नाही. माझ्या हाताला आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. मी म्हटलं, "अजून, अजून थोडं." गाय पूर्ण वळली आणि पीळ सुटला. गरम पाण्याचा लोट माझ्या कोपरापर्यंत आला. मी ओरडले, "सुटला!" तेव्हा कुठे रायर फळीवरून उतरले, आणि मी मागे वळून पाहिलं.

पिकअप पेटली होती. खालच्या पेंढ्याने सायलेन्सरची धग धरली होती आणि ज्वाळा हौद्यापर्यंत चढल्या होत्या. ते फळीवर उभे होते तिथून त्यांना पहिला धूर दिसला असणार. तेव्हा धावले असते तर कदाचित विझली असती. मजूर आता पाटाचं पाणी घमेल्याने उपसून मारत होते, कुणी माती टाकत होतं. टायर फुटल्याचा आवाज झाला. रायर चार पावलं तिकडे गेले, थांबले आणि परत माझ्याकडे आले. "पाय धरूं का?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघांनी वासराचे पाय धरून ओढले. कालवड होती. नाकातोंडातला चिकटा काढला, रायरांनी तिला मागचे पाय धरून उलटी लोंबकळवली, छाती चोळली, आणि ती शिंकली. सेल्वी मातीतच बसली होती. तिने कालवडीला आपल्या साडीने पुसायला सुरुवात केली. मागे गाडी जळत होती आणि तिकडे कुणी फारसं बघत नव्हतं.

पुढे रायरांनी पुन्हा गाडी घेतली नाही. वळूला कासऱ्याने धरून पायीच निघायचे, पहाटे, आणि लांबच्या गावाला पोचायला त्यांना दिवस लागायचा. मी स्कूटरवरून जाताना ते कधी रस्त्यात भेटायचे. माणूस पुढे, वळू मागे. बहुतेक वेळा वळूच पुढे. आमची बदली होईपर्यंत हे चालू होतं.

पण त्या दिवसाची संध्याकाळ सांगायची राहिली. आम्ही बसने घरी आलो, दोघांच्याही अंगाला धुराचा आणि गायीचा वास. बातमी आधीच पोचली होती. मामीने काही न विचारता पाणी काढून दिलं. आंघोळी झाल्या. मामीने मलाही तिथेच जेवायला बसवलं, रसम वाढलं. रायर दारात ताट घेऊन उभे.

"सकाळीं मी फोन केलें, तेव्हां गाडीचा आवाज मोठा होता," मामी म्हणाली. "तुम्हीं बायपासवर होतांत."

रायर जेवत राहिले.

"काजळी जाळत होतांत. मी बोलावलें म्हणून अर्ध्यांत सोडून आलांत. म्हणून झालें हें."

"छे. ती गाडी पहिल्या दिवसापासून खोटी होती. केव्हांही पेटली असती. डॉक्टरम्माला विचार."

मी मान वर केली. दोघंही माझ्याकडे बघत होते. "हो मामी," मी म्हटलं. "तो फिल्टरच सदोष होता. सकाळचा काही संबंध नाही."

मामीने वाढायचा डाव भांड्यात ठेवला. "तुज गाडींतलें कधींपासून कळायला लागलें ग?"

 मी भात कालवायला लागले. रायरांनी उगाच घसा साफ केला.  मामीने पदराने डोळे टिपले, रायरांच्या ताटात आणखी रसम वाढलं, आणि तिथेच त्यांच्याजवळ उभी राहिली.

"पुढच्या एकादशीला तुम्हीं आंत नका येऊं," ती म्हणाली. "मीच बाहेर बसतें, तुमच्याजवळ."

"गाडी कोठें अहे आतां?" रायर म्हणाले.

"मग पायरीवर बसूं."